आप्पांच्या खोलीतला बर्फ

रणधीर मगदूमने माझ्या हातातली बाटली घेतली, एक घोट तोंडात घेतला, गालात खळखळवला आणि परत बाटलीतच थुंकला. मग बाटली उजेडात धरून पाहिली. पाणी जितकं होतं तितकंच आहे ना, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. खात्री पटल्यावर त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान डोलावली, तेव्हा कुठे त्याचा चेहरा निवळला.

"बघा मॅडम," आप्पा म्हणाले, "याला म्हणतात खेळाडू."

मला दोघांचीही सारखीच किळस आली.

हैदराबादच्या एका हॉटेलात, तळमजल्यावरच्या वाफेच्या खोलीबाहेर आम्ही उभे होतो. सकाळ होती. संध्याकाळी आमच्या कबड्डी संघाचा उपांत्य सामना होता आणि त्याआधी वजन व्हायचं होतं. आमच्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडूच्या वजनाला मर्यादा होती. काट्यावर जो वर भरेल तो त्या दिवशी बाहेर. रणधीर आमचा पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू, शिरोळकडचा, पंचविशीतला. तो जवळजवळ दोन किलोंनी वर होता. आदल्या दुपारपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट, त्यावर दोन ट्रॅकसूट, डोक्याला लोकरी टोपी. असा तो वाफेत बसायचा, बाहेर यायचा, काट्यावर उभा राहायचा आणि पुन्हा आत जायचा.

मी कोयना टस्कर्स या संघाची कंडिशनिंग कोच होते. खेळाडूंची ताकद, दम, झोप, वजन, दुखापतीनंतरची तयारी हे सगळं माझं काम, असं करारात तरी लिहिलं होतं. प्रत्यक्षात माझं काम फोटोत उभं राहण्याचं होतं. आमच्या मालकांनी परदेशातून काळी बनियनं मागवली होती. पाठीत यंत्र बसवलेली, खेळाडू किती पळाला, कुठे थकला हे सांगणारी. पहिल्या पत्रकार परिषदेत सगळ्यांना ती घातली, मला पांढरा कोट चढवला आणि मालक म्हणाले, "आमचा संघ विज्ञानावर चालतो." त्यानंतर ती यंत्रं चार्ज करायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नाहीत. पण बनियनं अंगाला घट्ट बसायची, दंड उठून दिसायचे, म्हणून पोरं ती घालून विमानतळावर हिंडायची.

रणधीरचं वजन हळूहळू उतरवायचा आराखडा मी हंगामाच्या सुरुवातीलाच दिला होता. त्याने तो मनापासून पाळला, पहिल्या सुट्टीपर्यंत. घरी गेला आणि गावोगावच्या सत्कारांची जेवणं जेवून परत आला. मी आप्पांकडे तक्रार केली. आप्पा म्हणाले, "खाऊ दे की. उतरवायला एक दिवस पुरतो."

आप्पा म्हणजे महिपत निंबरे, आमचे मुख्य प्रशिक्षक. एके काळचे राष्ट्रीय खेळाडू. मांडी थोपटून मैदानात उतरायचे तेव्हाचे त्यांचे फोटो अजून तालमी-तालमींतून लावलेले असतात. टीव्हीवर ते स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलत. आमच्यात असले की गावची भाषा.

"याचे ओठ बघा," मी त्यांना म्हणाले. "याला काल रात्रीपासून लघवी झालेली नाही."

"झाली की सकाळी," रणधीर म्हणाला.

"कुठल्या रंगाची?"

तो आप्पांकडे बघून हसला. "मॅडम काय पण इचारतात."

"आप्पा, इम्तियाज वजनात बसतोय. आज त्याला उतरवा. हा उद्या जेवूनखाऊन ताजा होईल, अंतिम सामना खेळेल."

इम्तियाज मुल्ला हा आमचा राखीव चढाईपटू. अख्ख्या संघात माझा आराखडा पाळणारा एकटाच. त्यामुळेच बहुधा तो राखीव होता. आत्ताही तो भिंतीला टेकून, रणधीरचा टॉवेल हातात धरून उभा होता.

"इम्तियाज गुणी हाय," आप्पा म्हणाले. "पण लोक तिकीट काढत्यात ते वाघाचं."

इतक्यात आमचा मॅनेजर कोटणीस फोन कानाला लावून जिना उतरला. "मालक विचारतायत, झालं का?"

"हुतंय, म्हणावं."

"होतंय सर," कोटणीस फोनमध्ये म्हणाला. "एकदम कंट्रोलमध्ये आहे. मॅडम स्वतः जातीने हजर आहेत."

"मी लीगच्या डॉक्टरांना कळवणार आहे," मी म्हणाले.

कोटणीसने फोन खिशात टाकला. "कळवा ना. आत्ताच त्यांचाही फोन येऊन गेला, शुभेच्छांचा. संध्याकाळी आपल्या मालकांच्या शेजारीच बसणार आहेत."

मी तरीही फोन लावला. तो उचलला गेला नाही. मग मी रणधीरला बाजूला घेतलं.

"तुला थांबायचंय का? फक्त हो म्हण. पुढचं मी बघते. कुणाचं काय ऐकायचं ते मी ऐकीन."

त्याने कोरड्या जिभेने ओठ चाटायचा प्रयत्न केला. "मॅडम, पुढच्या महिन्यात लिलाव हाय. उपांत्य सामन्याला बाहेर बसलेल्या गड्याला कोण घेतंय?"

"आणि मूत्रपिंड गेलं तर कोण घेईल?"

"तुम्ही लई भ्या दाखवता," तो म्हणाला आणि दार लोटून आत गेला.

दाराला काचेची उभी पट्टी होती. मी तिथून हलले नाही. आप्पा माझ्या मागे खुर्ची टाकून बसले होते, अगदी निवांत. रणधीर आधी बाकावर बसून राहिला. मग उठला आणि जागच्या जागी पाय नाचवू लागला. मग वाकून, हात पुढे करून, समोरच्या भिंतीवर चढाई करू लागला. भिंतीला बोटं लावायची आणि मागे यायचं. ओठ हलत होते. हे मी आधीही पाहिलं होतं. अंग तापवायला तो असं करायचा. पण चार-पाच चढायांनंतर तो मागे येताना बाकाला अडखळला आणि ते बाक तिथे कसं आलं, अशा नजरेने त्याच्याकडे बघत राहिला. मग काचेशी आला.

"आक्का," तो मला म्हणाला, "मॅच सुटली का?"

त्याने मला कधी आक्का म्हटलं नव्हतं. मी दार ओढलं तोवर त्याचे गुडघे मुडपले होते.

वाफेचा लोट अंगावर आला. मी ओरडून काही सांगणार, इतक्यात आप्पांचा आवाज आला. तो अजिबात चढलेला नव्हता.

"डोकं धर रं, इम्तियाज. खाली ठेवू नको. टोपी काढ. पाणी पाजायचं न्हाई कुणी, शुद्धीत न्हाई, ठसका लागंल. कोटणीस, अँब्युलन्सला फोन कर. मॅडम, तुमची पिशवी घ्या. लिफ्टनं माझ्या खोलीत."

"खोलीत कशाला?" मी म्हणाले. "आधी गार करायला हवं, इथेच, जे पाणी मिळेल त्याने—"

"टब भरलाय," आप्पा म्हणाले.

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. रणधीरला उचलून आम्ही लिफ्टमध्ये घातलं. तो हात झाडत होता, अगम्य काहीतरी बडबडत होता. आप्पांची खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या समोरच. न्हाणीघराचं दार उघडंच होतं. आत टब काठोकाठ भरलेला, त्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. कोपऱ्यात बर्फाची आणखी दोन पोती. बादलीत भिजत घातलेले टॉवेल.

आप्पांनी कात्रीने त्याचे कपडे उभे फाडले. कात्रीही तिथेच, टबाच्या कडेवर ठेवलेली होती. त्याला गळ्यापर्यंत पाण्यात उतरवलं. एका चादरीची घडी त्याच्या छातीवरून दोन्ही काखांतून मागे घेतली आणि तिची टोकं इम्तियाजच्या हातात दिली, म्हणजे तो खाली घसरणार नाही. डोक्यावर ओला टॉवेल. मी थर्मामीटर लावला. पारा एक्केचाळीस अंश सेल्सिअसच्या वर होता. आप्पांनी आकडा विचारला, मी सांगितला. त्यांनी फक्त हुंकार दिला आणि हाताने टबातलं पाणी ढवळायला सुरुवात केली.

"पाणी हलवत ऱ्हायचं," ते इम्तियाजला म्हणाले. "न्हाईतर अंगालगत गरम थर बसतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हे वाक्य मी शिकले होते ते पदव्युत्तर अभ्यासक्रमात, आमच्या सरांनी फळ्यावर आकृती काढून समजावलेलं. गेली दोन वर्षं आप्पांसाठी मी सोप्यातली सोपी चित्रं काढून घेऊन जात होते. शरीरातलं पाणी म्हणजे गाडीतलं पाणी, रेडिएटर आटला की इंजिन बसतं, असल्या बालिश भाषेत मी त्यांना समजावलं होतं. ते पहिल्या रांगेत बसून लक्षपूर्वक मान हलवायचे. संपल्यावर म्हणायचे, "मॅडम, आमच्या डोक्यावरनं जातं हे."

हळूहळू पारा उतरायला लागला. रणधीरचं हात झाडणं थांबलं. डोळे मिटलेले, पण श्वास सरळ चालू होता.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवलं न्हाई कुणी." आप्पांचा हात पाण्यात गोल फिरतच होता. "आमच्या वेळी शिबिरात बाबू सुतार म्हणून पोरगा हुता. माझ्याच खोलीत. वजन उतरवायला मे महिन्यात आम्ही दोघं रेनकोट घालून पळायचो. एक दिवस पडला. असाच बरळत हुता, थंडी वाजती म्हणत हुता. आम्ही त्याला घोंगड्यात गुंडाळला. जीप येईस्तोवर गेला. कागदावर हृदयविकार लिवला. पुढं एका मिलिटरीतल्या डॉक्टरनं मला सांगितलं, घोंगडं न्हाई, बर्फ पायजे हुता. तवापास्नं बर्फ भरून ठेवल्याशिवाय मी कुणाचं वजन उतरवत न्हाई."

जादा चाक घेतल्याशिवाय गाडी गावाबाहेर न काढणारा माणूस ज्या स्वरात बोलेल, त्या स्वरात त्यांनी हे सांगितलं.

"म्हणजे आज असं होणार, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हुईलच असं न्हाई. धा-पंधरा गड्यांत एखाद्याला हुतं."

"आणि तो एखादा?"

"त्याच्यासाठी बर्फ हाय की, मॅडम."

दोन वर्षं मी या माणसाला अडाणी समजत होते. अडाणीपणाचा मला राग येत नाही. त्यावर उपाय करता येतो, निदान करून बघता येतो. पण हा माणूस अडाणी नव्हता. माझ्या आधीपासून, माझ्याइतकंच त्याला माहीत होतं, आणि ते ठाऊक असूनच त्याने सकाळी उठून टब भरला होता आणि मग खाली येऊन रणधीरला वाफेत पाठवलं होतं. बोलण्यासारखा तो माणूस राहिला नव्हता. मी त्याचा हात पाण्यातून बाजूला सारला आणि म्हणाले, "सरका. आता मी बघते."

अँब्युलन्स आली. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी काय झालं ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत कोटणीस म्हणाला, "रात्रीपासून ताप होता. जुलाबही. बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार."

"तसं काही नाही," मी म्हणाले आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. कोटणीस माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की जणू मीच रणधीरला ढकललंय. डॉक्टरबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्यामुळे रणधीरला योग्य ते सलाईन लागलं, रक्ताच्या योग्य त्या तपासण्या झाल्या आणि मूत्रपिंडं थोडक्यात वाचली. त्याला आठवडाभर तिथेच ठेवून घेतलं.

संध्याकाळी आम्ही सामना हरलो. इम्तियाजने चांगल्या चढाया केल्या, पण बाकीच्यांची तोंडं सकाळपासूनच उतरलेली होती. सामन्यानंतर आप्पांनी टीव्हीवर शुद्ध मराठीत सांगितलं की रणधीरला अचानक ताप आला, खेळात अशा गोष्टी घडतात. मालकांनी तीन दिवसांनी माझा करार संपवला. कारण दिलं होतं: संघभावनेचा अभाव.

दवाखान्याच्या नोंदीमुळे लीगला चौकशी करणं भाग पडलं. पुण्यात एका कार्यालयात तिघांची समिती बसली. अध्यक्ष टिपरे नावाचे निवृत्त अधिकारी होते. टेबलावर काजू, बिस्किटं आणि प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मी, आप्पा, कोटणीस आणि रणधीर एका रांगेत बसलो होतो. रणधीरचा चेहरा अजून ओढलेला होता.

मी सगळं सांगितलं. बाबू सुतारचंही सांगितलं.

"याला पुरावा?" टिपरेंनी विचारलं.

"त्यांनी मला स्वतः सांगितलं. इम्तियाज मुल्ला तिथे होता."

"त्याचं निवेदन आलंय. पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, म्हणतो." टिपरेंनी कागद उलटा केला. "मॅडम, मला एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. त्या दिवशी निंबरेसाहेबांनी जे केलं, त्यामुळे खेळाडूचा जीव वाचला. खरं की खोटं?"

"खरं."

"बर्फ तयार नसता, तर?"

"तर बहुधा वाचला नसता."

"मग तुमची नेमकी तक्रार काय आहे? बर्फ तयार होता, ही?"

दुसरे सदस्य हसले. मी म्हणाले, "बर्फ का तयार होता, ही." ते कुणी ऐकलं की नाही, कोण जाणे. टिपरे आप्पांकडे वळले होते.

आप्पा उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "साहेब, मी अडाणी मानूस. सातवी नापास. पोरांच्या पायाला सूज येती म्हनून बर्फ ठिवतो. तवा काय सुचलं ते केलं, देवाची कृपा. शास्त्रातलं मला काय कळतंय, ते मॅडमना इचारा. त्या शिकलेल्या हायत." इतकं गावंढळ त्यांना बोलताना मी दोन वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. समितीचे तिघेही त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. शिकलेल्या लोकांना अडाणी माणसाच्या शहाणपणाचं फार अप्रूप असतं. हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं.

मग रणधीरला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "आप्पांनी मला वाचवलं, साहेब. मी त्यांच्यामुळं हाय."

निकाल तिथेच लागल्यासारखा होता. पुढे लीगच्या वार्षिक समारंभात प्रसंगावधानाबद्दल आप्पांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

चौकशीच्या दिवशी मी खाली येऊन स्कूटर काढत होते, तेव्हा रणधीर मागून आला. इकडेतिकडे बघून जवळ उभा राहिला.

"मॅडम, मला ऐकू येत हुतं."

"काय?"

"टबात. डोळं उघडत न्हवतं, पण ऐकू येत हुतं. बाबू सुतारचं."

मी स्कूटर स्टँडला लावली. "मग आत का नाही बोललास?"

"आप्पांनी मला वाचवलं, हे खोटं हाय का?"

"नाही."

"मी तेवढंच बोललो." त्याने पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं. "पुढच्या हंगामात कोच तेच हायत. मालक म्हणालेत, लिलावात मला सोडणार न्हाईत."

"अभिनंदन."

त्यातली खोच त्याला कळली नसावी, किंवा कळूनही त्याने ती बाजूला सारली. "मॅडम, एक इचारू का? वाफेत बसल्यावर बाहेर कधी यायचं, ते कसं वळखायचं?"

"बसूच नकोस."

"ते कळलं. पण बसलो तर?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला भीती वाटत नव्हती असं नाही. भीती होती, पण लिलाव तिच्याहून मोठा होता, आणि तो बसणारच होता. मग मी त्याला सगळं सांगितलं. एकटं कधीही बसायचं नाही. डोकं जड झालं, जीभ अडखळली, की क्षणभरही थांबायचं नाही. पण आपलं आपल्याला ते कळत नाही, म्हणून बाहेर शहाणा माणूस हवा. त्याने सारखं काहीतरी विचारत राहायचं, आईचं नाव, गावाचं नाव, आज वार कोणता. उत्तर चुकलं किंवा उशिरा आलं, की त्याने दार उघडून ओढून काढायचं. तो एकेक गोष्ट बोटांवर मोजत मनात म्हणत होता. दोन वर्षांत त्याने माझं काही इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

सांगून झाल्यावर, मी मागे सरकायच्या आत, तो वाकून माझ्या पाया पडला.

"आप्पा एवढं नीट सांगत न्हाईत," तो म्हणाला.

त्यानंतर मी कुठल्याच संघात गेले नाही. एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकवते. आप्पा दोन वर्षांपूर्वी वारले. अंत्यदर्शनाला तालुका लोटला होता, असं वाचलं. रणधीर त्या प्रसंगानंतर आणखी चार हंगाम खेळला आणि धडधाकट निवृत्त झाला. खेळत होता तोवर दर हंगामाच्या सुरुवातीला मला न चुकता फोन करायचा. एकदा अगदी अभिमानाने सांगत होता, की आईचं नाव विचारायचं काम त्याने इम्तियाजवर सोपवलंय. इम्तियाजचं वजन कायम बरोबर असायचं, त्यामुळे सामन्याच्या सकाळी त्याला दुसरं काही काम नसायचं.